शेळीची मधली चित्रं

उस्तादांच्या चित्राची कुणी तारीफ केली, की ते आधी स्वतःचा खिसा चाचपायचे. मग एक डोळा बारीक करून समोरच्याकडं बघायचे आणि म्हणायचे, "हौ. आता कामाचं बोला." एकदा बियाण्याच्या दुकानाचा मालक आपल्या जाहिरातीतलं नाचणारं सोयाबीन बघून मनापासून खूश झाला. बिचारा साधा माणूस, तीनदा 'वा उस्ताद, वा' म्हणाला. तो जिना उतरून जाईपर्यंत उस्ताद गप्प राहिले आणि मग आम्हाला म्हणाले, "ह्यो आपल्या सोयाबीनची नक्कल करून घेणार बगा दुसऱ्याकडनं." सहा महिने गेले, वर्ष गेलं, कुणी नक्कल केली नाही. तेव्हा म्हणाले, "म्हंजे लईच खोल पाण्यातला दिसतोय."

असा हा माणूस. मी त्यांच्या हाताखाली सहा वर्षं कागदावर चित्रं काढली आणि पुढं आठ वर्षं त्यांच्याच खोलीत बसून कॉम्प्युटर चालवला. इतक्या वर्षांत त्यांची हवा मलाही लागली. भाजीवालीनं आपणहून एक जुडी जास्तीची घातली, तर मी आधी ती जुडी उलटून बघते. घरचे हसतात. हसू देत.

उस्ताद मूळचे उमरग्याचेच, पण पंचवीस वर्षं हैदराबादला एका कार्टूनच्या कंपनीत काढून परत आलेले. येताना खालून उजेड देणारी काचेची तीन टेबलं घेऊन आले, आणि बोलण्यात 'हौ' न् 'नक्को' घेऊन आले. हायवेला लागून टायरचं एक दुकान आहे. त्याच्यावरची पत्र्याची लांबडी खोली त्यांनी भाड्यानं घेतली. बाहेर पाटी लावली नाही. का, तर पाटी वाचून नको ती माणसं येतात. मग हवी ती माणसं येणार कशी, असं दत्तानं एकदा विचारलं होतं. उस्ताद म्हणाले, "ज्येला गरज हाय त्यो हुडकत येतोच. न हुडकता आला, तर समजायचं धाडलेला हाय."

हायवेवरनं ट्रक गेला की खोली थरथरायची आणि रेघ हालायची. म्हणून उस्तादांनी कान तयार केलेला. ट्रक अजून वळणावर असायचा तेवढ्यात ते ओरडायचे, "ट्रक!" की आम्ही दोघं पेन्सिली वर उचलायचो. ट्रक गेला की पुन्हा खाली. पाहुणा आलेला असला तर त्याला वाटायचं हे सगळे एकदम देवाला हात जोडतायत की काय.

हाताचं कार्टून कसं चालतं ते दोन वाक्यांत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. समजा शेळीनं एक पाऊल टाकायचंय. पाय उचलला ते पहिलं चित्र आणि पाय टेकला ते शेवटचं चित्र, ही दोन टोकं उस्ताद काढायचे. त्या दोन्हींच्या मधली सात-आठ चित्रं मी आणि दत्ता काढायचो. टोकांना मान असतो, नाव असतं. पण चित्र जिवंत होतं की मरतं ते मधल्या चित्रांत. उस्ताद म्हणायचे, "जल्म अन् मरण कुणालाबी जमतं. मधलं निभवायचं अवघड."

आणि त्या प्रत्येक मधल्या कागदाच्या कोपऱ्यात काढणाऱ्यानं आपली खूण करायची, हा त्यांचा कायदा होता. माझी खूण म्हणजे बारकी टिकली, दत्ताची आडवी रेघ. हा मान म्हणून नव्हता बरं का. "चूक घावली, की चोर घावला पायजे," एवढंच त्यांचं म्हणणं. कागदाला भोकं पाडून ज्या खुंट्यांच्या पट्टीत बसवतात, ती लोखंडी पट्टी ते रोज संध्याकाळी रुमालात गुंडाळून घरी न्यायचे. पट्टी नसली तर एक चित्र दुसऱ्यावर बरोबर ठेवणं फार जड जातं. "मागनं कुणी काम करून गेलं म्हंजे?" असं विचारायचे. मागनं येऊन फुकट काम करून जाणारा चोर मी तरी जन्मात ऐकला नाही.

आता दत्ताविषयी. दत्ता माझ्याहून चार वर्षांनी लहान, मला ताई म्हणायचा. घरी शेळ्या, म्हणून जनावराचं अंग त्याला आतून माहीत. माझं काम झटपट आणि स्वच्छ, एक डाग सापडायचा नाही. दत्ता दिवसभर तीन कागद खोडून चौथा काढायचा, पण त्याचं कुत्रं पानातनं भुंकायचं. हे मला माहीत होतं. दत्ताला माहीत नव्हतं. उस्तादांना माहीत होतं की नाही ते कळायला मार्ग नव्हता, कारण ते दोघांच्याही चित्रांकडं पोलिसासारखंच बघायचे.

तर एका संस्थेकडून शेळीपालनाच्या छोट्या छोट्या फिल्मा करायचं काम आलं. बचत गटाच्या बायकांना मोबाइलवर बघायला. पिलू कसं जपायचं, चारा काय घालायचा, लस कधी टोचायची. काम मोठं, वर्ष दोन वर्षं पुरणारं. अट एकच, सगळं कॉम्प्युटरवर करायचं. कागदावर काढून फोटो काढत बसायला त्यांना वेळ नव्हता. त्यांनीच मशीन, म्हणजे लॅपटॉप, पाठवलं, चित्र काढायची ती काळी पाटी पाठवली आणि शिकवायला पुण्याचा एक मुलगा दोन दिवसांसाठी धाडला.

उस्तादांनी पहिल्याच दिवशी मशीनवर टॉवेल टाकला. त्याच्या कॅमेऱ्याच्या डोळ्याला काळी चिकटपट्टी लावली. त्याच्याजवळ काही बोलायचं झालं तर आवाज खाली आणून बोलायचे. मी म्हटलं, "उस्ताद, त्याला मराठी येत नाही." तर म्हणाले, "तुला कुणी सांगितलं?"

पुण्याच्या मुलानं एक चेंडू काढला. डावीकडं एक, उजवीकडं एक. बटण दाबलं आणि चेंडू इकडून तिकडं गेला. आम्ही दोघं बघतच राहिलो. उस्ताद पुढं आले.

"मधली कुणी काढली?"

"सॉफ्टवेअरनं, सर."

"म्हंजे कोण?"

"मशीननंच हो. आपण दोन टोकं द्यायची, मधलं ते आपोआप करतं."

"खूण कुठंय त्याची?"

"खूण म्हणजे?"

"उद्या चुकलं तर धरायचं कुणाला?"

पोरगं हसलं. उस्ताद हसले नाहीत. "ज्येला धरता येत न्हाय, त्येला कामाला ठिवू नये," असं म्हणून त्यांनी टॉवेल पुन्हा टाकला. पोरगं जाताना सहज बोलावं तसं बोलून गेलं, "तुम्हाला आता दोन माणसं लागणार नाहीत सर, एक पुरे." आम्ही दोघं तिथंच उभे होतो. मी दत्ताकडं बघितलं नाही. त्यानंही माझ्याकडं बघितलं नसावं.

माझं त्या वेळचं घर सांगायलाच पाहिजे. नवऱ्याचं घर सोडून मी माहेरी येऊन सात वर्षं झाली होती. का सोडलं ते सांगत नाही, सोडण्यासारखंच होतं. भाऊ वाईट नाही, भावजय तर मुळीच नाही. पण मी महिन्याच्या महिन्याला पगार घरात ठेवत होते, म्हणून त्या घरात माझा आवाज होता. भाऊ मध्ये एकदा बोलून गेलाच होता, "ते लोक अजून न्यायला तयार आहेत म्हणे." काम सुटलं असतं तर महिन्याभरात माझी पिशवी भरून मला तिकडं पोचवलं असतं. परत त्या दारात मला उभं राहायचं नव्हतं. बाकी कला, रेघ, जीव ओतणं वगैरे सगळं पोट शांत असणाऱ्यांचं.

उस्तादांनी परीक्षा लावली. स्वतः शेळीच्या पावलाची दोन टोकं काढली, आम्हाला दोघांना त्याच्या नकला दिल्या आणि म्हणाले, "मधली सात घरी जाऊन काढा. हातानं. ज्येची शेळी चालंल, त्यो मशीनवर बसंल." मग बोट वर करून, "खूण करायची न्हाय. मला कळता कामा नये कुणाची कुठली. माझा माझ्यावर इस्वास न्हाय."

मी आधीपासूनच चोरून कॉम्प्युटर शिकत होते, हे कुणाला माहीत नव्हतं. बसस्टँडसमोर लग्नपत्रिका छापायचं माझ्या मैत्रिणीचं दुकान होतं, तिच्या मशीनवर. त्या रविवारी सकाळी मी उस्तादांच्या दोन्ही टोकांचे मोबाइलवर फोटो काढले, मैत्रिणीच्या मशीनमध्ये घातले आणि तिथलंही तसंच मधली चित्रं करणारं बटण दाबलं. सात शेळ्या बाहेर आल्या. त्या छापून घेतल्या, घरी येऊन खिडकीच्या काचेला कागद लावला आणि भर उन्हात एक-एक गिरवली. लाज वाटत होती का? वाटत होती. पण दत्ताच्या हाताची भीती त्याहून मोठी होती. आपल्या हाताला जमणार नाही ते मशीनच्या हाताला जमेल, असा माझा हिशेब होता. गिरवलेल्या शेळ्या दिसत होत्या पण सुरेख, एकही रेघ कमी-जास्त नाही.

सोमवारी आम्ही गठ्ठे टेबलावर ठेवत असताना उस्ताद भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. कान पण झाकले होते. दत्ता लगेच गावाला पळाला, कारण त्याची बायको अणदूरला माहेरी बाळंत झाली होती. मुलगी झालेली. जाताना म्हणाला, "ताई, काय झालं ते फोनवर सांगू नका, आल्यावर बघू." त्याला दुसरं काही सुचतच नव्हतं.

निकाल उस्ताद स्वतः देतील असं मला वाटलं होतं. छे! त्यांचा स्वतःच्या डोळ्यांवर तरी कुठं भरोसा? आठवडी बाजाराच्या दिवशी मला म्हणाले, "चल." दोन्ही गठ्ठे पिशवीत घालून आम्ही शेळ्यांच्या बाजारात गेलो. तिथं एक म्हातारी चार काळ्याभोर शेळ्या धरून बसली होती. तिचं बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी. उस्ताद तिच्यासमोर उकिडवे बसले.

"मावशे, शेळी दाखिवतो. कशी हाय सांग."

"कुठंय शेळी?"

"ह्या कागदात."

म्हातारीनं माझ्याकडं बघितलं, याचं डोकं ठीक आहे ना, अशा नजरेनं. उस्तादांनी पहिला गठ्ठा अंगठ्यानं भर्रकन सोडला. पानातली शेळी चालली. ती माझी होती. म्हातारी पुढं वाकली. "पुन्यांदा कर." त्यांनी पुन्हा सोडला.

"अय्यो," म्हातारी म्हणाली, "ही चालत न्हाय बाबा. हिला कुणीतरी दाव्याला धरून वढायलंय."

"दावं तर काढलंच न्हाय चित्रात."

"मग तर लईच वंगाळ."

उस्तादांनी दुसरा गठ्ठा सोडला. म्हातारी दात नसलेलं तोंड उघडून हसली आणि तिनं आपल्या शेळीच्या पाठीवर थाप मारली. "ही बग! सकाळधरनं पिलाला सोडलं न्हाय हिच्या. कास भरलीया, म्हून मागचे पाय फाकून टाकायलीय. कुणाची रं ही? इकायची हाय का?"

दत्ताच्या घरची असणार ती. त्यानं घरी शेळीसमोर बसून ती सात चित्रं काढली असणार, हे मला तिथं उभ्या उभ्या दिसलं. म्हातारीला उस्तादांनी शेंगदाण्याची पुडी घेऊन दिली आणि आम्ही परत आलो.

वर आल्यावर त्यांनी दोन्ही गठ्ठे टेबलावर ठेवले. खुर्ची ओढून माझ्यासमोर बसले.

"ह्यातली तुझी कुठली?"

मी दत्ताच्या गठ्ठ्यावर बोट ठेवलं.

मी ठरवून नव्हतं केलं. देवाशपथ नव्हतं ठरवलं. पण बोट गेलं.

"हीच?" त्यांनी विचारलं.

"हो. हीच."

"मग खूण कर."

मी पेन्सिल घेतली आणि सातही कागदांच्या कोपऱ्यांत टिकली काढली. खालनं ट्रक गेला, खोली थरथरली. उस्ताद 'ट्रक' म्हणाले नाहीत. ते माझ्या हाताकडं बघत बसले होते. सातवी टिकली झाल्यावर उठून त्यांनी खिडकी लावली आणि घरी निघून गेले. पट्टी रुमालात गुंडाळायला मात्र विसरले नाहीत.

दत्ता चार दिवसांनी आला. मी खिडकीतनं बघत होते. उस्तादांनी त्याला वर येऊच दिलं नाही, रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यावर नेलं. बराच वेळ उभे होते दोघं. दत्तानं एकदा वर खिडकीकडं बघितलं, तशी मी मागं सरले. मला वाटलं, निकाल सांगत असतील, समजूत घालत असतील. मग ते वर आले. दत्तानं पिशवीतनं पेढे काढले, मला दिले, म्हणाला, "ताई, पोरगी झाली." टिकल्या काढलेला गठ्ठा टेबलावरच होता. त्यानं तो उचलला, एकदा भर्रकन सोडून बघितला आणि होता तिथं ठेवला. एवढंच. मी पेढा तोंडात घातला आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले.

दत्तानं भांडण काढलं असतं तर मी भांडले असते, रडले असते, कदाचित कबूल पण झाले असते. पण तो गप्प. तो जुन्या जाहिरातीचं उरलेलं काम संपवायला म्हणून रोज येत होता. आणि त्या दिवसांत उस्ताद फार विचित्र वागत होते. संस्थेकडून रोज फोन यायचा, 'मशीन चालू केलं का?' हे सांगायचे, "लाइट न्हाय." डोक्यावर पंखा फिरत असताना! कधी म्हणायचे, "वायर उंदरानं कुरतडली." आणि दिवसातनं दोन-दोनदा उठून बाहेर जायचे. जन्मात कधी खोली सोडून न गेलेला माणूस, "जरा जाऊन येतो, तुमी दोघं बसा," म्हणून तास तास यायचा नाही. एकदा तर पट्टी पण ठेवून गेले.

मी काय समजले? मी समजले हा सापळा आहे. मशीनपाशी जाते का, कागद उचलते का, हे बघायला कुणालातरी बसवलं असणार. दत्ता समोर बसून काम करायचा, मी पाठ करून बसायची. रोज सकाळी जिना चढताना ठरवायची, आज सांगून टाकू. वर आल्यावर भावाचं बोलणं आठवायचं. एकदा दत्ता आपणहून म्हणाला, "ताई, काय बोलायचंय का तुमाला?" मी म्हटलं, "नाही रे, मला काय बोलायचंय?" आवाज पण जरा चढवूनच म्हटलं. खोटं बोलणाऱ्याचा आवाज आधी चढतो, हे मी त्या दिवशी शिकले.

दोनेक आठवड्यांनी दत्ता यायचा बंद झाला. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मशीनवरचा टॉवेल काढला, चार घड्या घालून बाजूला ठेवला आणि मला म्हणाले, "बस."

मी बसले.

"चोराच्या वाटा चोरालाच ठावं," ते म्हणाले. "बस. कर चालू."

हे मला म्हणाले, की मशीनला, की स्वतःला? वळून बघायची हिंमत झाली नाही. पुढं आठ वर्षं तेच वाक्य मी मनात उलटंपालटं करत राहिले. यांना कळलंय का? कळलं असेल तर मला ठेवलं कशाला? आणि कळलं नसेल, तर हा माणूस, जो चहावाला केटली कुठून वाकवतो ते बघितल्याशिवाय घोट घेत नाही, तो नेमका इथंच कसा फसला? त्यांच्या डोळ्यांत बघून काही कळलं असतं तर बघितलं असतं. ते डोळे कायम एक उघडा, एक बारीक.

काम मात्र त्यांनी माझ्याकडून असं करून घेतलं, की काय सांगू. ते माझ्या खुर्चीमागं उभे राहायचे. मशीननं मधली चित्रं टाकली की म्हणायचे, "चौथं उघड." चौथ्यात शेळीचा पाय आखूड झालेला असायचा. "सहावं उघड." सहाव्यात खूर भुईवरनं घसरलेला. "बग, कसा गुपचूप गेला! न्हाय धरलं तर असंच नेणार." मग ते चित्र पुसून मी हातानं काढायची, ते मागनं रेघ बघायचे. हळूहळू मशीन चालू केलं की माझीच नजर आधी चौथ्या चित्रावर जायला लागली. संस्थेच्या बाईंनी फिल्मा बघून विचारलं, "तुमची जनावरं अशी खरी कशी वाटतात हो?" उस्तादांनी खिसा चाचपला.

एकेक फिल्म झाली, की लॅपटॉप काखेत मारून ते शेळ्यांच्या बाजारात जायचे. आता मला सोबत नेत नसत. परत आले की फक्त एवढंच सांगायचे, "दोन जागी वढायलीय," नाहीतर, "चालायलीय." 'चालायलीय' म्हणाले की मला वाटायचं आज मान वर करून घरी जावं. रस्त्यावर आल्यावर ती मान परत खाली जायची.

कारण दत्ता तिथंच होता. हायवेवरच, एका गॅरेजजवळ, ट्रकच्या मागं नावं आणि फुलं रंगवायचा. त्याला तिथं बघितल्यापासून मी घरी जायला आतली गल्ली धरली. पाऊण किलोमीटर लांब पडायचं. कुणी विचारलं तर सांगायची, हायवेवर धूळ फार.

मग उस्तादांची नजर गेली. एका डोळ्याला दिसेना, दुसऱ्याला ट्रकचा रंग कळेना. हैदराबादहून मुलगी न्यायला आली. जायच्या दिवशी त्यांनी खोलीतलं सगळं हातानं चाचपून बघितलं, मशीनवर टॉवेल आहे ना ते पण. मला म्हणाले, "काय सांगायचं ऱ्हायलंय का तुझं?"

आठ वर्षांत त्यांनी असं विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "नाही उस्ताद. तब्येत सांभाळा."

"हौ," म्हणाले ते, आणि मुलीचा हात धरून जिना उतरले. प्रत्येक पायरी आधी पायानं ठोकून बघत होते.

उमरगा ते केवढं? टाळून टाळून किती टाळणार? उस्ताद हैदराबादला गेल्यावर महिन्याभरातच माझी स्कूटी हायवेवर पंक्चर झाली आणि ढकलत नेली ती नेमकी त्या गॅरेजवर. दत्ता ट्रकच्या फाळक्यावर कमळ काढत होता. केस कानाजवळ पांढरे झालेले. मला बघून हसला. "ताई! बसा की."

मी बसले नाही. आता बसले तर पुन्हा काहीच बोलणार नाही, हे मला कळत होतं.

"दत्ता, ती शेळी तुझी होती."

"ठावं हाय की."

"उस्तादांना सांगायला पाहिजे होतं मी."

"त्येंनाबी ठावं व्हतं. माझी रेघ वळखत्यात ते." त्यानं ब्रश डब्यात बुडवला. "त्येंनीच तर सांगितलं मला. म्या अणदूरहून आलो त्या दिवशी, च्याच्या गाड्यावर."

गॅरेजवाला चाक काढत होता. मी विचारलं, "मग तू बोलला का नाहीस?"

"बोलायलाच निघालो व्हतो. उस्तादांनी हात धरला. म्हणले, आठ दिस कळ काढ. ताई सोता सांगंल. पोरीवर भरोसा हाय माझा." दत्ता पाकळीला कड देत होता, हात जरासुद्धा हालत नव्हता. "आठ दिस झाले. उस्ताद म्हणले, अजून थांब. पंधराव्या दिवशी म्याच म्हणलं, ऱ्हाऊ द्या उस्ताद, न्हाय सांगत ती, म्या जातो. तर म्हणले, आजचा एक दिस बग. आज सांगंल."

मी तिथंच एका जुन्या टायरवर बसले. दत्तानं ब्रश ठेवला, हात पुसले आणि मला पाणी आणून दिलं.